तिसरी खिडकी

निवृत्त झाल्यावर मी तळघरात नक्षीकामाची बारीक पात्याची करवत मांडली, तेव्हा माझी बायको नेडीन म्हणाली, "चला, वर तरी शांतता!"

ओहायोत त्या दिवशीही सकाळपासून बर्फ पडत होता. अक्रोडाच्या फळीवर मी आमच्याच घराची जिन्याकडची बाजू कोरत होतो. त्या बाजूला खिडक्या दोनच. प्रत्येकीसाठी आधी भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, मगच आतलं लाकूड कापता येतं.

कॉफी पिऊन खाली आलो, तर फळीत तिसरी खिडकी कापलेली. निघालेला तुकडा मी उलटसुलट पाहिला. त्याला भोकच नव्हतं.

"खाली आली होतीस का गं?"

"तुझ्या त्या भुशात कोण येतंय मरायला?" ती वरून हसली. मग तिचा आवाज जिन्याकडून आला.

"व्हर्लिन, जिन्यात एवढं ऊन कुठून आलं रे?"