गिअरचं कव्हर

उर्सेचा टोलनाका मागं पडला, समोर मोकळाच्या मोकळा रस्ता आला, तरी कोमलच्या गाडीचा पाचवा गिअर काही पडेना. मागच्या सीटवर तिचे वडील, आबा, छाती दाबून धरून आईच्या मांडीवर आडवे झाले होते, आणि पुण्याचं हॉस्पिटल अजून बरंच लांब होतं.

गिअरच्या खाचेत धूळ नि भाताचं तूस जाऊ नये म्हणून आईनं जाड रेक्झिनचं कव्हर शिवून दांड्याला घट्ट बसवलं होतं. नुकतंच लायसन मिळालेल्या कोमलला गावात चौथ्याच्या पुढं कधी जावंच लागलं नव्हतं. आता मात्र पाचव्यासाठी दांडा उजवीकडं पुढं रेटला की ते कव्हर ताणून बसायचं आणि इंजिन नुसतं बोंबलायचं.

“आई, लय तंग शिवलंयस गं! मापच चुकलंय तुजं!”

“न्हाई चुकलं.”

“मग पाचवा का पडंना?”

आबांच्या घशातून घरघर आली. आईनं त्यांच्या छातीवर हात ठेवला.

“तुजा दादा गेला तवा त्याची चेपलेली गाडी बघाया गेलते, दांडा पाचव्यातच व्हता. म्हनून तुला चौथ्यापुरतंच बेतलं, पोरी.”

आई दोन सीटांमधून पुढं वाकली. बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिनं कव्हरचे टाके टराटरा उसवले.

“घाल,” ती म्हणाली, आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले.