शेवटचं टोकन

माझी नात कॅसिडी विद्यापीठात शिकते. नोकरदारांना पगाराशिवाय आणखी काय द्यायचं, म्हणजे आरोग्यविमा, आजारपणाची रजा, पेन्शन, यावर म्हणे अख्खी पदवी असते. केंटकीतल्या आमच्या खाणगावात विमा देणारी नोकरी कुणालाच उरली नाही, म्हणून मीच तिला त्या वाटेला लावलं.

माझी दाढ ठणकायला लागली, तशी ती मला दातांच्या फुकट शिबिराला घेऊन आली. वर्षातून एकदाच भरतं. पहाटेपासून ताटकळलो, तेव्हा कुठे शेवटचं टोकन हाती लागलं.

"मला नोकरी लागू दे आजी, मग असली रांग नाही."

"गप गं. हसले की जास्त ठणकतं."

आमच्या मागचा टायवाला माणूस सुजलेला गाल धरून रिकाम्या हाताने परत फिरला. कॅसिडी दचकली. "व्हिटलो सर! तुम्ही इथे?"

"मी तासिका तत्त्वावर ना. विमा फक्त कायम प्राध्यापकांना."

"विम्याचा विषय हेच शिकवतात, आजी," ती पुटपुटली. पोरीचा चेहरा पार उतरला होता.



मी माझं टोकन त्यांच्या हातात कोंबलं. "घ्या. सोमवारी पोरांना विमा शिकवायचाय, तोंड तरी चालायला हवं."