दहा, एक आणि चार

"थांबा मावशी. आत्ता कुठे अकरा वाजताहेत. पुढचा डायपर एक वाजता."

मावशींचा हात हवेतच राहिला. समोर चटईवर ढब्बू उताणा पडला होता. सव्वा वर्षाचं पोर, मांड्यांना वळ्या पडलेलं. त्याचं पोट सकाळपासून बिघडलं होतं. डायपरच्या दोन्ही बाजूंनी पिवळं पाणी ओघळत होतं आणि पाठीकडून सदऱ्यात शिरत होतं.

पाळणाघराच्या नव्या मॅडम दारातच उभ्या होत्या. नाकाला रुमाल लावलेला. आत पाऊल टाकायचं नाव नाही.

"मॅडम, याला हगवण लागलीय. घड्याळ बघून थोडंच होतं ते?"

"म्हणून तर घड्याळ आपण बघायचं. दहाला बदललाय ना? आता गाण्यांची वेळ आहे. एकासाठी बाकी दहा मुलं ताटकळत ठेवायची का? एकदा मोडलं की रोज मोडतं."

अठरा वर्षं मावशी हे काम करत होत्या. पोरांची शी, शेंबूड, ओकाऱ्या, सगळं या दोन हातांनी काढलं होतं. कधी नाक मुरडलं नव्हतं. आज मात्र किळस आली, आणि ती ढब्बूच्या घाणीची नव्हती. भिंतीवर प्लास्टिकमध्ये घालून लावलेल्या त्या वेळापत्रकाकडे बघून आली होती. दहा, एक आणि चार या आकड्यांभोवती मॅडमनी हसरे सूर्य काढले होते.

आठवड्यापूर्वी मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "दिवसाची नीट आखणी करू या. तुमचा अनुभव मोठा आहे," म्हणाल्या. मावशी हरखल्या. एकेका पोराचं सांगत बसल्या. चिमणीला दूध पाजलं की दहा मिनिटांत शी होते. जुळ्यांपैकी एक अकरालाच पेंगतो, दुसऱ्याला दुपारी झोपच नको असते. ढब्बूची कातडी नाजूक, जरा ओलं राहिलं की लाल होते. मॅडम "छान, छान" म्हणत सगळं वहीत उतरवून घेत होत्या. सोमवारी कागद भिंतीवर लागला, तर त्यात ना चिमणी होती, ना जुळे, ना ढब्बू. नुसत्या वेळा होत्या. आईबाप मात्र खूश. किती पद्धतशीर, म्हणाले.

मावशींनी दोन दिवस तोंड मिटून घेतलं. नोकरी होती, वय झालं होतं. मंगळवारी मॅडम शेजारीच उभ्या होत्या म्हणून त्यांनी चिमणीला पाऊण तास तशीच भरलेली ठेवली. ती आधी कळवळून रडली. मग हमसत राहिली. मग गप्प झाली आणि छताकडे बघत पडून राहिली. मॅडम म्हणाल्या, "बघा, लागली ना सवय!" दुपारी मावशींनी डबा उघडला, तर घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. स्वतःच्या हातांची त्यांना शिसारी आली.

आता ढब्बूचाही आवाज बारीक होत चालला होता.

मावशींनी त्याला उचलला. घाण त्यांच्या पदराला, दंडाला, सगळीकडे लागली. त्या तशाच मोरीकडे निघाल्या.

"मावशी! मी काय सांगतेय?"

"ऐकलं मी. काढायचं तर कामावरून काढा. पण आधी याला धुऊ द्या."

त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या ओतला. बोटांनी हळूहळू चिकटलेलं सोडवलं. खालची कातडी सोलल्यासारखी लालभडक झाली होती. पाणी लागताच पोर ओरडलं आणि त्यांच्या मानेला घट्ट बिलगलं. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी लिहिला हो तो कागद?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं. "ज्याने लिहिला, त्याने जन्मात कधी पोर हातात घेतलेलं नसणार."

हे मॅडमना झोंबलं. त्या मोरीच्या दारापर्यंत आल्या.

"मी काही मनाने नाही लिहिलेला. चांगल्या, नावाजलेल्या ठिकाणचा आहे. माझ्या आईला वृद्धाश्रमात ठेवलंय ना, तिथे हाच लावलाय. चाळीस म्हातारी माणसं आहेत तिथे. सगळ्यांचे डायपर दिवसातून तीनदाच बदलतात. कधी आरडाओरडा नाही, कसला गोंधळ नाही. दोन वर्षं झाली, आईची एका शब्दाची तक्रार नाही."

मावशींनी तांब्या खाली ठेवला.

"आई बोलतात तुमच्या?"

"नाही. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिची वाचा..."

मॅडमचा रुमाल नाकावरून खाली आला, तो परत वर गेला नाही. मोरीत वास कोंडला होता. त्या ढब्बूच्या लाल कातडीकडे बघत राहिल्या. मावशींनी त्याला टॉवेलात गुंडाळलं, तरी त्या तिकडेच बघत होत्या. मग त्यांनी फोन काढला. पहिल्यांदा नंबर चुकला. दुसऱ्यांदा लागला.

"हॅलो... नऊ नंबरच्या खोलीत माझी आई आहे. हो, मुलगीच बोलतेय. नाही, ऑफिसात नका देऊ फोन. तुम्हीच जा आणि तिचं पांघरूण काढून बघा. मी फोन धरून थांबते."