तीन झटके

दोर शेवटचा हलला त्याला सात मिनिटं झाली होती.

थोरला तलावाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून त्या दोराकडे बघत होता. दोराचं दुसरं टोक आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट खाली, त्याच्या धाकट्या भावाच्या कमरेला. धाकटा पाणबुड्या. तलावाच्या पाणी सोडायच्या दरवाजापुढे लोखंडी जाळी होती, तिच्यात लाकडाचा ओंडका अडकला होता. तो काढायला उतरला होता.

यांच्या धंद्याची भाषा अगदी सोपी. दोराला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. खालच्यानं तीन दिल्याशिवाय वरच्यानं ओढायचं नाही. संपलं व्याकरण.

"दादा, ओढा ना!" हवेच्या पंपाजवळून धाकट्याची बायको ओरडली. पंप तीच सांभाळायची. "बुडबुडे कमी झालेत हो! माझा जीव थाऱ्यावर नाही."

"तू पंप सोडू नकोस," थोरला म्हणाला. "मी विचारलंय."

"कुणाला?"

थोरल्यानं मान वर केली. वर नुसतं ढगाळ आभाळ होतं.

पाणीखात्याचे साहेब दोन पायऱ्या वर उभे होते. त्यांचा धीर सुटला. "अहो, देव तारी त्याला कोण मारी, सगळं कबूल. पण दोर तुमच्या हातात आहे ना! देव काय दोरातून बोलतो?"

"हातात आहे, त्याचीच भीती वाटते साहेब. बाबांच्या वेळी मी माझ्या अकलेनं ओढलं. हीच जाळी. त्यांनी तीन दिले नव्हते. मलाच दम निघाला नाही. खाली दोर आणि हवेची नळी एकात एक गुंतली होती. मी ओढलं, नळी चेपली आणि बाबा गेले." थोरल्यानं दोरावरची नजर हलवली नाही. "तेव्हापासून वर सांगून ठेवलंय. तू म्हणशील तेव्हाच. माझं शहाणपण बंद."

साहेबांच्या बुटाचं टोक पायरीवर आपटत होतं.

थोरला घाबरला होता. वाईट घाबरला होता. दोर त्यानं मुठीत धरलाच नव्हता, उघड्या तळहातावर नुसता टेकवला होता, कारण मूठ वळली तर ओढलं जाईल. आत कुणीतरी बोंबलत होतं, ओढ, ओढ, भाऊ आहे तुझा. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. अकरा वर्षांपूर्वी तोच आवाज होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता. त्याच्याखाली आणखी काही ऐकू येतंय का म्हणून तो कान लावून बसला. फार बारीक काहीतरी येत होतं. थांब, एवढंच.

"दादा, यांना काही झालं ना, तर तुम्हाला सोडणार नाही मी! तुमच्या देवालासुद्धा नाही!"

"नको सोडूस," थोरला म्हणाला. तळहात त्यानं उघडाच ठेवला.

मग दोर हलला. एक. दोन. तीन.

थोरल्यानं असा ओढला की तळहात सोलवटले. धाकटा वर आला, तोंडावरचा मुखवटा काढून पायरीवर आडवा झाला, आणि खोकून खोकून झाल्यावर हसला. बायकोनं पंप बंद केला आणि टॉवेलनं त्याचं डोकं पुसायला घेतलं. पुसणं कमी, बडवणंच जास्त.

"अगं, हळू! दादा, बरं झालं ओढलं नाहीस. ओंडका सुटला आणि दोर गजामागे पक्का अडकला. नळीही त्यातच. माझं डोकंच फिरलं. सुरी काढून कापायलाच निघालो होतो. त्या गढुळात दोर कुठला, नळी कुठली, काय कळतंय? नळीच कापली असती. तेवढ्यात तुझा झटका आला, म्हणून थांबलो. मग चाचपत चाचपत एकेक वेढा सोडवला."

"माझा झटका?"

"एक लांब, मग एक आखूड. हा कुठला नवीन काढलास? मला नाही कधी शिकवलास."

थोरल्यानं दोराकडे पाहिलं. एक लांब, एक आखूड. म्हणजे घाई नको बाळा, मी आहे. तो नवशिका असताना बाबा वरून त्याला असा झटका द्यायचे. फक्त त्याला. धाकटा तेव्हा शाळेत होता.

"पण दोर मधेच अडकला होता ना?" साहेब म्हणाले. "मग वरून दिलेला झटका खाली पोचेल कसा?"

धाकट्यानं कमरेचा दोर सोडून बाजूला टाकला. टोकाला जड लोखंडी आकडा होता. तो पायरीवरून घरंगळला आणि दोराला घेऊन पाण्यात गेला. आठ वाव दोर सरसर उतरला आणि तळाशी जाऊन थांबला. गुंडाळून ठेवावा म्हणून थोरल्यानं त्याचं पायरीवरचं टोक उचललं.

एक. दोन. तीन.

त्यानं मान वळवून पाहिलं. धाकटा पायरीवर होता, बायकोच्या हातचा मार खात. साहेब वरच्या पायरीवर होते. आणखी कुणी तिथे नव्हतं.

थोरल्यानं मूठ वळली. दोन्ही पाय रोवले आणि ओढू लागला. हिसका न देता, झोपलेलं मूल उचलावं तसा. रिकाम्या दोराला नसतं इतकं वजन त्याला लागत होतं. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यानं हात सोडला नाही.

"दादा, काय करतोयस? त्या टोकाला कुणी नाही."

"असू दे," थोरला म्हणाला. "या वेळी मला सांगितलंय."