वरचा फोटो

वडशाच्या नाटक कंपनीची वेबसाइट शफीने आपल्या सायबर कॅफेत बनवली. झाडीपट्टीच्या नाटकांत पोस्टरवर ज्याचा फोटो वर, त्याचा मान मोठा. शफीच्या मशीनवर नायिका देवकाबाई सगळ्यांत वर दिसत. कोपऱ्यातल्या मशीनवर ब्राउझर दुसरा. तिथे त्या घसरून विनोदी नट सुरेंद्रभाऊंच्या खाली जात. "मी पोस्टरवर कधी खाली नाई गेली. उद्याचा प्रयोग तूच कर!" बाई कडाडल्या. शफीने रकाने मोडले, पुन्हा मांडले. इकडे सावरलं की तिकडे बिघडे. वैतागून त्याने सगळे फोटो जोडून एकच चित्र केलं. दोन्हीकडे बाई वर! तेवढ्यात सुरेंद्रभाऊ सासऱ्यांना आपला फोटो दाखवायला घेऊन आले. "काल त्या कोपऱ्यात मी वर होतो, आज खाली काऊन बे?" शफीने जुनंच पान चढवून दोन्ही मशीनवर चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘देवकाबाई’, ‘सुरेंद्रभाऊ’. "आपापल्याच मशीनवर पाहाचं," तो म्हणाला, "शेजारी डोकावाचं नाई!"