उसनी पहार

डोंगरातल्या वस्तीवर ऐतिहासिक फलक लावायला साहेब चढून आले, पण पहार खालीच विसरले. पहिल्या घरातल्या काकूंनी त्यांना आपली पहार दिली. सुनेने सिमेंट कालवायला पाणी आणलं. शेजारच्या आजोबांनी खड्ड्यासाठी मऊ जागा दाखवली. फलक उभा राहिला तेव्हा काकूंनी तो मोठ्याने वाचला, “दरड कोसळल्यावर हे गाव कायमचं ओस पडलं.”

साहेब ओशाळले. “मजकूर वरून मंजूर होऊन आलाय, काकू. आमच्या हातात फक्त बसवणं.”

“बसवा की! तुमचं काम तुम्ही करा,” काकू हात पुसत म्हणाल्या. “पहार तेवढी आठवणीने इथेच ठेवून जा. सिमेंट वाळायच्या आत मला लागणार आहे.”