उशाशी बाग

"घरात ओल आहे? बुरशी? कुजलेला पालापाचोळा वगैरे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माळी नाही म्हणणार होता. मग पालापाचोळा हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला आणि त्याची नजर आपल्या नखांतल्या मातीवर गेली.

बायकोचा आजार विचित्र होता. राखणदाराने घरच्यांनाच चावत सुटावं, तशी तिच्या शरीराची ताकद शरीरावर उलटली होती. सांधे सुजायचे, गालांवर लाल चट्टे उठायचे, ऊन तर वैरीच. औषधांनी त्या राखणदाराला झोपवलं आणि दार सताड उघडं पडलं. आता फुप्फुसात बुरशी धरली होती.

"ती पाचोळ्याच्या खतात असतेच," बाई म्हणाल्या. "आपल्याही नाकातून जाते. आपल्याला काही होत नाही. यांना होतं."

त्याने तर अख्खी बाग तिच्या उशाशी आणून ठेवली होती. तिला उन्हात जाता येत नाही, म्हणून खिडकीत कुंड्या, कपाटावर कुंड्या, पलंगाखालीही दोन. आपल्या हातच्या पाचोळ्याच्या खताचा त्याला भारी तोरा. काम सुटलं की बागेतून पिशवीभर खत घेऊन तो तडक घरी यायचा आणि पलंगाशी फतकल मारून ते मोकळं करत बसायचा. तोंडाने दिवसभराच्या गप्पा चालू. करडा धुरळा उडायचा, ती खोकायची आणि हा म्हणायचा, "बघ, कसं मुरलंय!" जन्मभराचा पत्त्यांचा अड्डा सुटला तो या कुंड्यांपायी. म्हातारा उशिरा संसाराला लागला, असं दोस्त चिडवायचे.

त्याने घरी जाऊन सगळ्या कुंड्या बाहेर फेकल्या. खोली धुतली, हात घासघासून धुतले. नखांतली माती निघेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

बोलावणार कोणाला? तिला तोच एक होता. गप्प राहिला असता, तर ती त्याला देवमाणूस समजून गेली असती. ते त्याला सोसवेना. तो तिच्या खाटेशी टेकला.

"अगं, माझ्या खताने तुझा घात केला. मला ठाऊक नव्हतं गं."

तिने नाकावरची नळी सारखी केली. "मला होतं. पहिल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, कुंड्या-माती घरात नको म्हणून. मी एकटीच गेले होते ना तेव्हा."

"मग मला बोलली का नाहीस?"

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. दोन शब्दांपुरता श्वास जमायला तिला वेळ लागला.

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा पत्ते खेळायला गेला असतात."